वैमानिक उमेदवारी
वैमानिक उमेदवारी : प्रवासी किंवा मालवाहू विमाने चालविण्याचा व्यवसाय पत्करू इच्छिणाऱ्या, उड्डाणाचा पूर्वानुभव नसलेल्या व्यक्तीस निवडून तिला प्रथम व्यापारी परवान्यापर्यंत आणि नंतर प्रत्यक्ष हवाई मार्गावरील सहवैमानिकाच्या आसनापर्यंत नेणारी शिक्षणव्यवस्था. सुतार, जुळारी किंवा खलाशी ज्याप्रमाणे जाणत्या माणसाच्या हाताखाली काम करीत धंदा शिकतो, त्याचप्रमाणे वैमानिकाचेही खरे शिक्षण अनुभवी कॅप्टनच्या शेजारी बसून होते. मात्र या धंद्यात शिकाऊ माणसाची चूक लाकूड वाया जाण्यावर थांबत नाही. म्हणून त्याच्या हाती खरे काम देण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा, ठराविक तासांचे उड्डाण आणि परीक्षकासमोरील चाचण्या असे अनेक उंबरठे कायद्याने घातलेले आहेत. ते ओलांडणारा तरुण कायद्याच्या दृष्टीने व्यापारी वैमानिक ठरतो; परंतु दीड-दोनशे प्रवाशांचे जेट विमान स्वतःच्या जबाबदारीवर नेण्यास तो त्यानंतरही काही वर्षे पात्र नसतो. परवाना व विमानप्रमुखपद यांमधील हा काळ म्हणजे उमेदवारीचा गाभा होय. तो कोणाच्या देखरेखीखाली आणि कोणाच्या खर्चाने पुरा व्हावा, यासंबंधी निरनिराळ्या देशांनी निरनिराळी उत्तरे शोधली आहेत.

ऐतिहासिक आढावा : विमानविद्येच्या आरंभकाळी पद्धतशीर शिक्षण फारसे नव्हते. फ्रान्समधील काही शाळांत पंख आखूड केलेली, हवेत न उठणारी विमाने नवशिक्यांकडून मैदानात पळवून घेत. या विमानांना गमतीने ‘पेंग्विन’ म्हणत. पहिल्या महायुद्धात ब्रिटनचे शिकाऊ वैमानिक शत्रूशी गाठ पडण्यापूर्वीच मोठ्या संख्येने अपघातांत मरू लागले, तेव्हा रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी १९१७ मध्ये गॉस्पोर्ट येथे नवी पद्धत सुरू केली. दुहेरी नियंत्रणे असलेल्या अ‍ॅव्ह्रो ५०४ विमानात शिक्षक व विद्यार्थी पुढेमागे बसत आणि बोलण्याच्या नळीतून शिक्षक सूचना देई. विद्यार्थ्याला धोक्यापासून लांब ठेवण्याऐवजी विमान मुद्दाम गिरकीत घालून त्यातून ते कसे सावरावे हे त्याला शिकविण्यात येई, आणि प्रत्येक कृतीमागील कारण सांगण्यात येई. आजचे प्राथमिक उड्डाणशिक्षण याच पायावर उभे आहे.

जमिनीवर बसून उड्डाण शिकण्याची सोय एडविन लिंक या अमेरिकन तरुणाने १९२९ च्या सुमारास केली. त्याच्या वडिलांचा ऑर्गन तयार करण्याचा कारखाना होता व त्याच वाद्याच्या भात्यांवर त्याने आपले प्रशिक्षण यंत्र हलते ठेवले होते. प्रारंभी त्याला गिऱ्हाईक मिळाले ते बहुतांशी जत्रा व करमणुकीच्या बागांकडून. १९३४ मध्ये अमेरिकन सेनेकडे टपालवाहतूक सोपविण्यात आली आणि खराब हवेत केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण करण्याची सवय नसल्यामुळे अनेक वैमानिक मृत्युमुखी पडले. त्यानंतर सेनेने अशी सहा यंत्रे विकत घेतली. आजची सिम्युलेटर यंत्रे ही याच यंत्राची वंशज आहेत.

‘उमेदवार वैमानिक’ हे पद शब्दशः निर्माण केले ते १९३० नंतरच्या दशकात पॅन अमेरिकन एअरवेज या कंपनीने. महासागरावरून जाणाऱ्या तिच्या उडत्या नौकांना केवळ विमान हाकणारा माणूस पुरेसा नव्हता. दिवसच्या दिवस जमीन न दिसणाऱ्या मार्गावर ताऱ्यांवरून स्थान काढणारा, रेडिओ चालविणारा व इंजिनाची दुरुस्ती जाणणारा माणूस हवा होता. कंपनी शक्यतो अभियांत्रिकीचे पदवीधर निवडी. विमान चालविता येत असूनही त्यांना प्रथम कार्यशाळेत तेलकट कपड्यांत काम करावे लागे. मग रेडिओ, मार्गनिर्देशन व इंजिन यांची कामे पाळीपाळीने करीत आणि मोकळ्या वेळात पत्रद्वारा अभ्यासक्रम पुरे करीत ते कनिष्ठ व वरिष्ठ उड्डाण अधिकारी या पायऱ्या चढत. सर्वांत वरच्या पदाचे नावच मुळी जहाजांच्या कप्तानांवरून घेतलेले होते. नोव्हेंबर १९३५ मध्ये ‘चायना क्लिपर’ या उडत्या नौकेने सॅन फ्रॅन्सिस्कोहून मानिलापर्यंत पहिली टपालफेरी केली, ती अशा प्रकारे घडविलेल्या माणसांच्या बळावर. या पद्धतीतील दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत : उमेदवाराला पहिल्या दिवसापासून पगार मिळे, आणि त्याची बढती केवळ उड्डाणाच्या तासांवर ठरत नसे.

दुसऱ्या महायुद्धाने हे चित्र बदलले. अमेरिकेत १९३८ मध्ये सुरू झालेल्या नागरी वैमानिक प्रशिक्षण योजनेतून १९४४ पर्यंत चार लाखांहून अधिक लोकांनी शिक्षण घेतले. इतर देशांतही हवाई दलांनी वैमानिकांची प्रचंड फौज तयार केली. युद्ध संपताच विमान कंपन्यांना फुकटात तयार झालेले वैमानिक हवे तितके मिळू लागले व स्वतः माणसे घडविण्याची निकड राहिली नाही. जेथे हा पुरवठा नव्हता, तेथे मात्र शाळा लवकर निघाल्या. जपानमध्ये १९५४ साली मियाझाकी येथे शासकीय विद्यालय स्थापन झाले. दहा वर्षे उड्डाणबंदी सोसलेल्या पश्चिम जर्मनीत लुफ्तान्साने १९५६ मध्ये ब्रेमेन येथे आपली शाळा काढली. ब्रिटनमध्ये सक्तीची लष्करी भरती संपुष्टात येत असताना, १९६० मध्ये तेथील दोन्ही शासकीय विमान निगमांनी हॅम्बल येथे संयुक्त महाविद्यालय उघडले. शाळा सोडून थेट आलेल्या मुलांना तेथे निगमांच्या व शासनाच्या खर्चाने शिकविण्यात येई. १९८० नंतरच्या मंदीत वैमानिक अतिरिक्त ठरू लागताच ते बंद पडले आणि काही वर्षांतच पुन्हा वैमानिकांचा तुटवडा भासू लागला. मंदीत शिक्षण थांबवावयाचे व तेजीत धावाधाव करावयाची, हे चक्र या व्यवसायात तेव्हापासून अनेकदा फिरले आहे. वैमानिक तयार होण्यास दोन-तीन वर्षे लागतात, तर बाजारभाव सहा महिन्यांत पालटतो.

प्रशिक्षणाचे टप्पे : निवडीच्या वेळी शरीरप्रकृती, दृष्टी, गणित व भौतिकी यांचे ज्ञान, हात व डोळे यांचा मेळ आणि एकाच वेळी अनेक गोष्टींकडे लक्ष पुरविण्याची क्षमता तपासली जाते. जमिनीवरील वर्गांत हवाई मार्गनिर्देशन, वातावरणविज्ञान, हवाई नियम, विमान व इंजिन यांची रचना आणि रेडिओ-संभाषण हे विषय शिकवितात. छोट्या एक-इंजिनी विमानात शिक्षकाबरोबर काही तास घालविल्यावर पहिले एकल उड्डाण होते. वैमानिक सारे आयुष्य हा दिवस विसरत नाही. व्यवसायाच्या दृष्टीने मात्र त्याचे महत्त्व मर्यादित आहे. पुढे दूरच्या फेऱ्या, रात्रीची उड्डाणे, केवळ उपकरणांवर भिस्त ठेवून केलेली उड्डाणे व दोन-इंजिनी विमान हे टप्पे येतात. भारतात व्यापारी परवान्यासाठी किमान १८ वर्षे वय व २०० तासांचे उड्डाण आवश्यक असून त्यांपैकी १०० तास स्वतः विमानप्रमुख म्हणून करावे लागतात.

यानंतर विशिष्ट प्रकारच्या विमानाची, उदा., एअरबस ए-३२० ची, पात्रता मिळवावी लागते. हे शिक्षण जवळजवळ सर्वस्वी सिम्युलेटरमध्ये होते. सहा हलत्या पायांवर उभी असलेली ही खोली आतून हुबेहूब विमानाच्या चालककक्षासारखी असते; टेकऑफच्या ऐन क्षणी इंजिन बंद पडणे, चालककक्षात धूर होणे यांसारखे प्रसंग तीत कोणालाही इजा न होता पुनःपुन्हा घडविता येतात. तरीही नवख्या वैमानिकाला प्रवासी नसलेले खरे विमान काही वेळा उतरवून दाखवावे लागते. त्यानंतरच तो प्रवाशांसह मार्गावर जातो. डाव्या आसनावर प्रशिक्षक-कॅप्टन, उजव्या आसनावर उमेदवार आणि पहिल्या काही फेऱ्यांत मागच्या आसनावर, गरज पडल्यास उमेदवाराची जागा घेऊ शकणारा तिसरा वैमानिक, अशी व्यवस्था असते. एका फेरीत उमेदवार विमान चालवितो व कॅप्टन लक्ष ठेवतो, तर दुसऱ्या फेरीत उलट. मुंबईची गजबजलेली धावपट्टी, डोंगरांच्या कुशीतील विमानतळ, पावसाळी ढगांतून वाट काढणे, इंधन व उशीर यांचा हिशेब या गोष्टी येथे कळतात. पुस्तकात त्यांची नावे तेवढी असतात. परीक्षकाने मान्यता दिल्यावर तो नियमित सहवैमानिक होतो. वाहतूक वैमानिकाचा सर्वोच्च परवाना मिळण्यासाठी १,५०० तास व २१ वर्षे वय लागते आणि डाव्या आसनावर बसण्यापूर्वी कंपन्या सामान्यतः याहून बराच अधिक अनुभव मागतात.

गुरू आणि शिष्य : शेजारी बसून शिकण्याच्या या पद्धतीत तिचे बळ आहे, तसा धोकाही आहे. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील टेनेरीफ विमानतळावर दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ विमानांची धावपट्टीवर टक्कर होऊन ५८३ लोक मरण पावले. नियंत्रकाची उड्डाण-परवानगी मिळालेली नसताना के.एल.एम. कंपनीच्या विमानाने धाव घेतली होती. त्याचे कॅप्टन हे कंपनीतील ७४७ विमानाच्या प्रशिक्षणाचे प्रमुख होते, आणि शेजारच्या सहवैमानिकाची या विमानावरील पात्रता-चाचणी सु. दोन महिन्यांपूर्वी त्यांनीच घेतली होती. पहिल्यांदा विमान पुढे सरकू लागले, तेव्हा परवानगी अजून मिळालेली नाही हे सहवैमानिकाने लक्षात आणून दिले. दुसऱ्या वेळी मात्र त्याने हरकत घेतली नाही. पुढचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले आहे ना, ही शंका विमान-अभियंत्याने बोलून दाखविली, ती झटकून टाकण्यात आली. ज्याने आपल्याला उत्तीर्ण केले त्याला एका मिनिटात दोनदा चूक दाखविणे किती अवघड असते, हे कोणत्याही धंद्यात उमेदवारी केलेल्या माणसाला सांगावे लागणार नाही.

अशा अपघातांच्या अभ्यासातून नासा या संस्थेने १९७९ मध्ये भरविलेल्या कार्यशाळेपासून चालकवर्गाच्या परस्पर सहकार्याचे स्वतंत्र शिक्षण सुरू झाले. उमेदवाराने शंका स्पष्ट शब्दांत बोलून दाखवावी, दुर्लक्ष झाल्यास ती अधिक ठामपणे मांडावी व प्रसंगी नियंत्रण हाती घ्यावे, हे आता अभ्यासक्रमाचा भाग आहे. तितकेच महत्त्वाचे म्हणजे ते ऐकून घेण्याचे शिक्षण कॅप्टनलाही दिले जाते. वडीलधाऱ्यांपुढे न बोलणे हा जेथे संस्कार मानला जातो, त्या समाजांत या पाठाला विशेष महत्त्व आहे.

तासांची मोजणी व कौशल्य : अनुभव मोजण्याचे सोपे माप म्हणजे उड्डाणाचे तास, पण सोपे माप नेहमी अचूक असतेच असे नाही. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेतील बफेलोनजीक कोलगन एअर या कंपनीचे विमान कोसळून ५० जणांचा मृत्यू झाला. वेग घटल्याची सूचना मिळताच कॅप्टनने नेमकी उलटी कृती केली होती. त्यानंतर १ ऑगस्ट २०१३ पासून अमेरिकेत सहवैमानिकालाही सामान्यतः १,५०० तासांची अट लागू झाली. लष्करी वैमानिकांना ती ७५० व ठराविक पदवीधरांना १,००० तासांपर्यंत शिथिल केलेली आहे. विशेष म्हणजे त्या विमानातील दोन्ही वैमानिकांचे अनुभवाचे तास १,५०० हून अधिक होते. कॅप्टन अनेक चाचण्यांत अनुत्तीर्ण झालेले होते, तर अल्प वेतनावरील सहवैमानिक देशाच्या दुसऱ्या टोकाहून रात्रभर प्रवास करून कामावर आलेली होती. या नियमामुळे तरुण वैमानिक तास भरण्यासाठी छोट्या विमानांवर शिक्षकाचे काम करतात किंवा जाहिरातींचे फलक ओढतात. यातून हात बसतो, हे खरे. पण उंचावरील जेट विमानात दोघांनी मिळून करावयाच्या कामाची सवय त्यातून होत नाही.

याच्या उलट दिशेचा प्रयोग म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००६ मध्ये मान्य केलेला बहुचालक वैमानिक परवाना. यात उमेदवार आरंभापासून विशिष्ट कंपनीचा सहवैमानिक म्हणून घडविला जातो. प्रत्यक्ष उड्डाण व सिम्युलेटर मिळून किमान २४० तासांचे हे शिक्षण असून बराच भाग सिम्युलेटरमध्ये दोन वैमानिकांच्या जोडीने होतो, आणि तासांपेक्षा कौशल्याची पारख महत्त्वाची मानली जाते. दोष असा की, हा परवाना कंपनीशी जखडलेला राहतो. कंपनी बुडाली तर अर्धवट शिकलेल्या उमेदवाराला छोटे विमानही व्यावसायिक रीतीने चालविता येत नाही.

खर्चाचा भार : हॅम्बलसारखी मोफत शाळा आता अपवादानेच आढळते. १९९० नंतर खर्चाचा भार हळूहळू कंपनीकडून उमेदवाराकडे सरकला. भारतात परवाना व विमानप्रकाराची पात्रता यांचा एकत्रित खर्च सामान्यतः पाऊण ते एक कोटी रुपयांच्या घरात जातो. ‘कॅडेट’ योजनांत कंपनी उमेदवार निवडते, शाळा ठरवून देते व शिक्षण यशस्वी झाल्यास नोकरीची हमी किंवा किमान आशा दाखविते; पैसा मात्र बहुधा कुटुंबाचा किंवा बँकेचा असतो. उमेदवार या शब्दात मुळात ‘उमेद’ आहे. ती तारणावर उभी असते ही नवी गोष्ट.

कर्जाचा संबंध केवळ कुटुंबाच्या अर्थकारणाशी नाही. २४ मार्च २०१५ रोजी फ्रान्समधील आल्प्स पर्वतात जर्मनविंग्ज कंपनीचे विमान सहवैमानिकाने हेतुपुरस्सर पाडले व १५० लोक प्राणास मुकले. फ्रेंच चौकशी मंडळाने २०१६ च्या अहवालात त्याच्या मानसिक आजाराबरोबरच, आजार उघड केल्यास उड्डाणाचा हक्क व त्याबरोबर उत्पन्न गमावण्याची भीती आणि त्यावर पुरेशा विम्याचा अभाव यांकडे लक्ष वेधले. प्रशिक्षणासाठी त्याने सु. ४१,००० यूरोंचे कर्ज घेतले होते. अशा कृत्याचे स्पष्टीकरण कर्जाने होत नाही; परंतु वैद्यकीय अपात्रता म्हणजे आर्थिक सर्वनाश, अशी स्थिती असेल तर वैमानिकाने डॉक्टरांशी खरे बोलावे ही अपेक्षा दुबळी पडते. २०२३ मध्ये ब्रिटिश एअरवेजने निवडक उमेदवारांचा शिक्षणखर्च पुन्हा स्वतः उचलण्याची योजना जाहीर केली, तिच्यामागे सधन घरांबाहेरील मुलांना वाट मोकळी करून देणे हा घोषित हेतू होता.

भारत : भारतातील उड्डाणशिक्षणाचा पाया फ्लाइंग क्लबांनी घातला. दिल्ली व मुंबई येथील क्लब १९२८ मध्ये स्थापन झाले. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईतील जुहूपर्यंत टपाल आणून देशातील नियमित हवाई सेवेस प्रारंभ केला. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स हे निगम बहुतांशी हवाई दलातून आलेल्या व शासकीय अनुदानावर चालणाऱ्या क्लबांतून शिकलेल्या वैमानिकांवर अवलंबून होते. इंडियन एअरलाइन्सने हैदराबाद येथे आपले मध्यवर्ती प्रशिक्षण केंद्र चालविले. याच निगमाच्या सौदामिनी देशमुख यांनी १९८५ मध्ये केवळ महिला वैमानिक असलेल्या फोकर फ्रेंडशिप विमानाचे नेतृत्व केले. भारतातील वैमानिकांत स्त्रियांचे प्रमाण आज जागतिक सरासरीच्या दुपटीहून अधिक आहे. उत्तर प्रदेशात फुरसतगंज येथे १९८५ मध्ये स्थापन झालेली इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी ही केंद्र शासनाची प्रमुख संस्था होय.

२००४ नंतर खाजगी विमान कंपन्यांच्या भरभराटीत परवान्यांची मागणी एकदम वाढली आणि २००८ च्या मंदीनंतर शेकडो परवानाधारक बेकार झाले. किंगफिशरची उड्डाणे २०१२ मध्ये व जेट एअरवेजची २०१९ मध्ये थांबली, तेव्हा पुन्हा तेच घडले. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिका सादर केलेल्या व न केलेल्या उड्डाणांचे तास नोंदवहीत दाखविलेल्या काही परवानाधारकांवर कारवाई झाली; तासांनाच पात्रता मानल्याचा तो कडू परिणाम होता. २०२३ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने १,६०० हून अधिक व्यापारी परवाने दिले. यांतील बरेच उमेदवार अमेरिका, दक्षिण आफ्रिका इ. देशांत शिकून येतात. कारण तेथे विमाने व शिक्षक पुरेसे असतात, तर येथे एका विमानामागे रांग लागते आणि २०० तास पुरे होण्यास नियोजितापेक्षा कितीतरी अधिक काळ लागतो. रखडलेल्या प्रत्येक महिन्याचे भाडे व कर्जाचे व्याज मात्र चालूच राहते.

महाराष्ट्रात पावसाळ्याचे तीन-चार महिने दृश्यमानता व ढग यांमुळे प्राथमिक उड्डाणांत वारंवार खंड पडतो. तरीही मोठ्या शहरांच्या गर्दीच्या आकाशापासून दूर असलेली येथील लहान विमानतळे शिक्षणास सोयीची ठरली आहेत. मुंबई फ्लाइंग क्लबने प्रत्यक्ष उड्डाणाचे शिक्षण धुळे येथे नेले. बारामती येथे खाजगी अकादमी निघाली. गोंदियानजीक बिरसी येथे भारतीय विमानपत्तन प्राधिकरण व कॅनडातील सी.ए.ई. ही कंपनी यांच्या सहयोगाने २००८ मध्ये राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था सुरू झाली. २०२४ मध्ये एअर इंडियाने अमरावतीजवळील बेलोरा विमानतळावर स्वतःची शाळा उभारण्याचे जाहीर केले. ३१ एक-इंजिनी व ३ दोन-इंजिनी विमानांच्या साहाय्याने वर्षाला १८० वैमानिक तयार करण्याचे तिचे उद्दिष्ट ठरविण्यात आले.